नाव सिंहाचं, दुखणं हाडाचं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पनवेलहून माथेरानच्या डोंगरांकडे तोंड करून निघालं की गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे गाव लागतं. भातखाचरं, मागे प्रबळगडाची रांग, वर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. अलीकडे या बाजूला इमारतींची दाटी वाढू लागली आहे. तरी रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसापुढे नेऱ्याचं नाव काढलं, तर त्याला आधी आठवतं ते शांतिवन. कुष्ठरोग निवारण समितीनं कुष्ठरुग्णांसाठी इथं उभी केलेली ही वसाहत. एखाद्या गावाचं नाव एखाद्या दुखण्याशी कसं जोडलं जातं, हे नेऱ्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आज मात्र मी कुष्ठरोगाबद्दल बोलणार नाही. कुष्ठरोगाचं नाव उसनं घेऊन ज्या दुसऱ्याच दुखण्याला चिकटवलं गेलं, त्याची गोष्ट सांगणार आहे. हे दुखणं कवटीच्या हाडाचं. कवटीच्या किंवा चेहऱ्याच्या हाडात क्वचित एखादी गाठ वाढते. ती कॅन्सरची नसते, शरीरभर पसरत नाही, पण चेहरा बदलून टाकते. अशा गाठी ओळखायला आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायला माणूस कसा शिकला, याचा हा इतिहास. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. शब्द कुठून आला, कुठे गेला, हे पाहायची खोड आहे. त्या खोडीपायीच या विषयापर्यंत आलो.

आपल्याकडचे शब्दच पाहा. डोकं आपटून आलं ते टेंगूळ. हळूहळू वाढणारी, न दुखणारी मांसल गाठ म्हणजे आवाळू. पिकतं ते गळू. ही भाषा अडाणी नाही. सुश्रुतानंही अर्बुद पिकत नाही, असं निरीक्षण नोंदवलं आहे. आणि जास्तीच्या हाडाला जुन्या आयुर्वेदात ‘अध्यस्थि’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे दुखणारं, पिकणारं, न पिकणारं आणि हाडाचं, हा फरक आपल्या पूर्वजांच्या बोटांना कळत होता.

कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र भाषेनं गोंधळ घातला. मराठीत महारोग, कोकणात रक्तपिती, उर्दूत जुजाम किंवा कोढ. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. त्याचा आणि कुष्ठरोगाचा काडीचाही संबंध नाही. पण कोड आणि कोढ हे दोन्ही शब्द ‘कुष्ठ’ या एकाच मुळातून निघालेले. या सारखेपणापायी कोड असलेल्या किती मुलींची लग्नं अडली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. चुकीचं नाव काय करू शकतं, याचं हे आपल्या घरातलं उदाहरण.

सिंहाचा चेहरा

कुष्ठरोगाच्या एका प्रकारात, उपचार झाले नाहीत तर, कपाळाची आणि गालांची कातडी जाड होते, तिच्यावर गाठी येतात, घड्या पडतात, भुवयांचे केस झडतात. दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्य अरेटियसला या चेहऱ्यात सिंह दिसला. पुढे अरबी वैद्यकानंही कुष्ठरोगाला ‘दा-उल-असद’, म्हणजे सिंहाचा रोग, असं म्हटलं. युनानी परंपरेबरोबर ही कल्पना आपल्या हकिमांपर्यंत आली.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो नावाचा मोठा विकृतिशास्त्रज्ञ होऊन गेला. शरीरातला प्रत्येक रोग पेशीत शोधावा, ही शिकवण त्याची. त्या काळी नॉर्वेत कुष्ठरोग फार होता. त्याचा अभ्यास करायला फिर्खो १८५९ मध्ये तिथं गेला आणि सिंहमुखी चेहरे त्यानं जवळून पाहिले. त्यानंतर गाठींवरच्या आपल्या ग्रंथात त्यानं काही विलक्षण कवट्यांचं वर्णन केलं. त्यांच्या कपाळाची, गालांची, जबड्याची हाडं इतकी वाढलेली होती, की डोळ्यांच्या खोबण्या आणि नाकाच्या वाटा जवळजवळ बुजल्या होत्या. अशी कवटी सतराव्या शतकात इटलीच्या मालपीगीनंही पाहिली होती, असं वैद्यकाच्या इतिहासात सांगतात. फिर्खोनं या दुखण्याला नाव दिलं ‘लिऑन्टियासिस ऑसिया’. मराठीत सांगायचं तर, हाडाचं सिंहमुख.

नाव वजनदार होतं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं करणारं होतं. पण ते चेहरा पाहून दिलेलं होतं, आणि आतली गोष्ट अगदी उलट होती. कुष्ठरोगात कातडी जाड होते आणि चेहऱ्याची हाडं झिजतात. नाकाच्या बुडाशी असलेला हाडाचा लहान काटा विरघळतो, पुढच्या दातांमागचं हाड खंगतं. ही झीज इतकी ठळक असते, की हजारो वर्षांनंतरही ती ओळखता येते. राजस्थानातल्या बालाथल इथं सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक होते.

हाडाच्या सिंहमुखात कातडी निरोगी असते. भुवया जागेवर असतात, स्पर्श कळतो. वाढतं ते हाड. एका दुखण्यात हाड जातं, दुसऱ्यात हाड येतं. एक जंतूंमुळे होतं, दुसऱ्यात जंतूचा पत्ताच नाही. तरी दोघांच्या कपाळी सिंह एकच. १८७३ मध्ये नॉर्वेच्याच हॅन्सननं कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि त्या रोगाला खरी ओळख मिळाली. हाडाच्या रोगाला मात्र त्यासाठी आणखी पुष्कळ वाट पाहावी लागली.

एका नावाची अनेक नावं

पुढच्या शतकभरात जे घडलं, ते मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. डॉक्टरांनी एकेक करून ते भारदस्त नाव उसवलं.

इंग्लंडच्या जेम्स पॅजेटनं १८७० च्या दशकात उतारवयात हाडं जाड आणि वाकडी होणारा एक वेगळा रोग दाखवला. त्याच्या एका रुग्णाला दर काही वर्षांनी मोठ्या मापाची टोपी घ्यावी लागे. अमेरिकेत लिख्टेनस्टाइननं १९३८ मध्ये ‘फायब्रस डिस्प्लेसिया’ हे नाव रूढ केलं. यात पक्क्या हाडाच्या जागी तंतूंचं आणि कच्च्या हाडाचं मिश्रण तयार होतं. हा आजार बहुधा लहानपणी सुरू होतो आणि वाढीचं वय सरलं की पुष्कळदा मंदावतो. मूत्रपिंडं निकामी झाली किंवा गळ्यातल्या एका छोट्या ग्रंथीचा स्राव वाढला, तरी चेहऱ्याची हाडं फुगू शकतात, हेही कळलं. अशा रुग्णाच्या कपाळावर करवत चालवून काय उपयोग? त्याचा इलाज कपाळात नाही, दुसरीकडेच आहे.

१९९१ मध्ये तर फायब्रस डिस्प्लेसियाच्या मुळाशी असलेला जनुकातला बदल सापडला. हा बदल आईकडून येत नाही, बापाकडूनही येत नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो घडतो आणि त्या पेशीपासून झालेल्या हाडांपुरता राहतो. त्यामुळे रुग्णाच्या बहिणीच्या लग्नाशी, भावाच्या मुलांशी, घराण्याच्या पापपुण्याशी त्याचा संबंध नाही. ग्रहणात आईनं काय केलं, याच्याशी तर नाहीच नाही. माझ्या मते हा शोध शस्त्रक्रियेइतकाच मोठा आहे. त्यानं किती आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असेल!

सगळ्या गाठी काही चेहरा भरून टाकणाऱ्या नसतात. सर्वांत नेहमीची म्हणजे ऑस्टिओमा. कपाळावर हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी, हस्तिदंतासारखी टणक गाठ. वर्षानुवर्षं तशीच राहते. बहुतेकदा तिला काही करावं लागत नाही. मात्र ती कपाळाच्या हाडातल्या सायनसच्या वाटेत वाढली, तर आतला स्राव तुंबतो, संसर्ग होतो आणि मग ती काढावी लागते. अशा गाठी डोक्यावर अनेक असतील तर डॉक्टर पोटाचीही चौकशी करतात. गार्डनर या अमेरिकन संशोधकानं १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की काही घराण्यांत डोक्याच्या अशा गाठींबरोबर आतड्यात मोडही असतात, आणि त्या मोडांचा पुढे कॅन्सर होतो. कपाळावरची निरुपद्रवी गाठ इथं आतड्याच्या धोक्याची वर्दी देते.

लहान मुलाच्या भुवईच्या टोकाशी जन्मापासून असलेली मऊ गाठ बहुधा डर्मॉइड असते. गर्भात कातडीचा एक कण हाडाच्या सांध्यात अडकून राहतो, त्याची ही गाठ. ती नाकाच्या किंवा डोक्याच्या मधल्या रेषेवर असली, तर तिचं मूळ कवटीच्या आतपर्यंत गेलेलं असू शकतं. म्हणून ती घरी दाबू नये, फोडू तर मुळीच नये. रक्तवाहिन्यांची गाठ असेल, तर तिला मध्येच छेद देणं म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. ती कडेचं थोडं चांगलं हाड घेऊन अखंड काढतात.

बाहेरची गाठ, आतलं कारण

कवटीवरचा उंचवटा कधी कधी नुसता निरोप्या असतो. आत मेंदूच्या आवरणाला गाठ झालेली असते आणि तिच्यावरचं हाड जाड होऊन बाहेर येतं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएननं १८७९ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यावरची अशी गाठ पाहिली. झटके कुठल्या बाजूला येतात हे तपासलं आणि गाठ कवटीच्या आत गेली असणार, असा अंदाज बांधला. तेव्हा क्ष-किरण नव्हते. त्यानं कवटी उघडली, गाठ काढली आणि ती मुलगी पुढे आठ वर्षं जगली.

दुसरी गोष्ट लिओनार्ड वुड या अमेरिकन सेनापतीची. क्यूबात कारभार पाहत असताना त्याचं डोकं झुंबराला आपटलं. पुढे तिथं टेंगूळ वाढू लागलं आणि पायाला झटके येऊ लागले. १९१० मध्ये हार्वे कुशिंग या शल्यचिकित्सकानं त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर वुड सैन्याचा प्रमुख झाला, फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला. ज्या माणसाच्या डोक्यात अशी गाठ होती, त्यानं पुढे सतरा वर्षं मोठमोठे कारभार सांभाळले. गाठ पुन्हा वाढली आणि १९२७ मध्ये पुढच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. या जातीच्या गाठीला ‘मेनिंजिओमा’ हे नाव १९२२ मध्ये कुशिंगनंच दिलं. ती बहुधा कॅन्सरची नसते, पण मुळापासून निघाली नाही तर परत येते. ‘बिनाइन’ या शब्दाला आपण ‘निरुपद्रवी’ म्हणतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गाठ स्वभावानं साधी असली, तरी तिची जागा साधी असेलच असं नाही. डोळ्याच्या नसेशेजारचं दोन दाण्यांएवढं हाड दृष्टी घालवू शकतं.

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि कवटी न उघडता तिच्यात पाहता येऊ लागलं. तरी क्ष-किरणांच्या चित्रात पुढची-मागची हाडं एकमेकांवर पडत. ही अडचण दूर केली ती सीटी स्कॅननं. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाऊन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू कापाकापांनी दाखवला. आता फायब्रस डिस्प्लेसियाचं हाड दुधी काचेसारखं धूसर दिसतं, ऑस्टिओमा पांढराशुभ्र, आणि रक्तवाहिन्यांच्या गाठीत हाडाच्या काड्या सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या किंवा मधाच्या पोळ्यासारख्या. पुष्कळदा तुकडा न काढताही रोगाचं नाव कळतं. शंका राहिली, तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निवाडा तिथं होतो.

करवत, मेण आणि ड्रिल

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे एका परीनं सुतारकामाचाच इतिहास आहे. जर्मनीच्या वॅग्नरनं १८८९ मध्ये कवटीचा तुकडा झडपेसारखा उघडून परत बसवायची रीत आणली. हाडातून झिरपणारं रक्त थांबत नसे. त्यावर लंडनच्या हॉर्स्लीनं १८९२ च्या सुमारास मधमाशीच्या मेणाचा लेप शोधला. त्याच जातीचं मेण आजही शस्त्रक्रियागृहात असतं. इटलीच्या जिग्लीची तारेची करवत आली, मग वेगानं फिरणारं ड्रिल आलं.

आता कपाळावरचा साधा ऑस्टिओमा काढताना चीर केसांच्या आत घेतात, म्हणजे व्रण दिसत नाही. गाठ कवटीच्या बाहेरच्या थरापुरती असेल, तर ती ड्रिलनं तासतात आणि आतला थर शाबूत ठेवतात. गाठ आरपार असेल, तर हाडाचा तेवढा भाग काढून तिथं रुग्णाचंच कवटीचं हाड चिरून त्याचा एक थर बसवतात, किंवा टायटॅनियमची जाळी, किंवा ॲक्रिलिक. चेहऱ्याची हाडं सुटी करून पुन्हा रचता येतात, हे फ्रान्सच्या पॉल तेसिएनं १९६० च्या दशकात दाखवलं. सिंहमुखाच्या रुग्णाला माणसाचा चेहरा परत देण्याची खरी वाट तेव्हापासून उघडली.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हेही कळलं. फायब्रस डिस्प्लेसियाला रेडिएशन देत नाहीत, कारण त्यानं साध्या रोगाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. दृष्टी चांगली असेल, तर नुसत्या भीतीपोटी डोळ्याच्या नसेभोवतीचं हाड कोरत नाहीत. नजर नियमितपणे तपासत राहतात. न कापण्याचं धाडसही शल्यचिकित्सकाला शिकावं लागतं.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेची स्वतंत्र शाखा उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चांडी यांनी सुरुवात केली, पाठोपाठ मद्रासला राममूर्तींनी. मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर, डॉ. गजेंद्र सिंह या पिढीनं ही विद्या रुजवली. चेहऱ्याच्या बाजूनं काम केलं ते डॉ. नोशीर अंतियांनी. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून आलेल्या या माणसानं पुण्याजवळ कोंढव्याला आणि पुढे जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं आणि वाकलेली बोटं नीट करण्यात आयुष्य घातलं. नंतर आपल्याच रायगड जिल्ह्यात, मांडव्याला, त्यांनी गावच्या बायकांना आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. चेहरा ही चैनीची वस्तू नाही, तो माणसाच्या पोटापाण्याशी बांधलेला आहे, हे त्यांच्या कामातून दिसलं.

दिसण्यावरचा कायदा

हे म्हणणं किती खरं आहे, ते एका कायद्यावरून कळतं. १८९८ च्या कुष्ठरोग्यांविषयीच्या कायद्यात पोलिसाला असा अधिकार होता, की एखादा माणूस त्याला भिकारी कुष्ठरोगी ‘वाटला’, तर वॉरंटशिवाय पकडावं. डॉक्टरची तपासणी नंतर. आधी पोलिसाची नजर. तोवर मुंबईत, माटुंग्याच्या बाजूला, १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकारानं बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघालेलं होतं. आज तेच वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय. हाडाच्या गाठीनं चेहरा बदललेला माणूस त्या काळी रस्त्यावर उभा राहिला असता, तर पोलिसाला तो काय ‘वाटला’ असता, याचा विचार करून पाहावा. हा कायदा संसदेनं अखेर २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, तेही २०१९ मध्ये वगळलं गेलं. बहुविध औषधोपचारानं कुष्ठरोग पूर्ण बरा होतो हे तर १९८० च्या दशकापासून सिद्ध झालं होतं. औषध आधी आलं, कायदा तीन दशकं मागून आला. लोकांची नजर अजून वाटेत आहे.

म्हणून शेवटी साधं, कामाचं बोलतो. कपाळावर, डोक्यावर टणक, हाडाला चिकटलेली, न हलणारी गाठ आली तर घाबरू नये आणि लपवूही नये. ती केव्हापासून आहे, वाढते आहे का, एवढं लिहून ठेवावं. जुने फोटो काढून पाहिले तर वाढीचा अंदाज येतो. डॉक्टरही ते मागतात. नजर कमी होत असेल, डोळा पुढे येत असेल, नाक एका बाजूनं बंद राहत असेल, झटका आला असेल किंवा गाठ झपाट्यानं वाढून दुखू लागली असेल, तर थांबू नये. नेऱ्याहून पनवेल आणि पनवेलहून मुंबई आता लांब नाही. आणि अंगावर बधिर चट्टा असेल, तर तो वेगळा रोग आहे. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं नाव कागदावर लिहून घ्यावं आणि घरात तेच वापरावं. शेजारी विचारतील, तेव्हा तेच सांगावं. फायब्रस डिस्प्लेसिया हा शब्द जिभेला जड आहे, मान्य. पण ज्या मुलाला तो आजार आहे, त्याला वर्गात सिंह, राक्षस किंवा आणखी काही म्हणून हाक मारली जाते, ती त्याहून जड असते.